रब्बीच्या तोंडावर पाण्याचा हिशेब: सोलापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांसाठी सल्ला

उत्तरा सरून हस्त लागला की जिल्ह्यात गावोगाव एकच विचारणा सुरू होते, भीमेवरची उजनी (धरण) किती टक्के झाली? विचारणा रास्त आहे. परंतु ज्याच्या शिवारात कालव्याचे पाणी येतच नाही, त्याने त्या आकड्यावर उसाची लागण किंवा डाळिंबाचा हस्त बहार (या नक्षत्राच्या सुमारास धरायचा फळांचा हंगाम) ठरवणे म्हणजे शेजाऱ्याच्या पेवावर पंगत बसवणे होय. धरण, पाऊस आणि विहीर यांचे हिशेब वेगवेगळे आहेत आणि ते वेगवेगळेच मांडावेत.

उजनी भरते ती मुख्यतः पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरील पावसाने. खडकवासला, पवना, चासकमान अशा धरणांतून सोडलेले पाणी दौंडवरून भीमेने येते, त्यामुळे सांगोला-मंगळवेढ्यात ढग नुसते फिरून जात असतानाही धरण भरू शकते. दौंडचा विसर्ग ११,५७४ क्युसेक (सेकंदाला घनफूट) असा चोवीस तास टिकला, तर धरणात एक टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्याची भर पडते, एवढे ध्यानात ठेवले की रोजच्या बातमीतला आकडा आपला आपल्याला लावता येतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी असली, तरी त्यातील ६३.६६ टीएमसी मृतसाठा आहे आणि टक्केवारी काढली जाते ती उरलेल्या ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठ्यावर. पातळी वजामध्ये गेली, की मृतसाठ्याला हात लागलेला असतो आणि तेव्हा पिण्याच्या पाण्याचा विचार आधी होतो. २०२३ च्या पावसाळ्यात धरण पूर्ण भरले नाही आणि पुढच्याच उन्हाळ्यात ते वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले, हे लाभक्षेत्रातील ऊस उत्पादक विसरलेले नसतील. पूर्वहंगामी लागण करण्यापूर्वी कालवा सल्लागार समितीने रब्बी आणि उन्हाळी मिळून किती आवर्तने (कालव्याला पाणी सोडण्याच्या पाळ्या) ठरवली आहेत, हे पाहावे. टक्केवारीपेक्षा तो आकडा अधिक कामाचा आहे.

पावसाची नोंद महसूल मंडळातील केंद्रावर होते. पण आपल्याकडचा परतीचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे नाही. म्हणून झाड-घरापासून दूर, मोकळ्या जागी, सरळ कडांचा डबा सपाट ठेवून रोज सकाळी साडेआठला पट्टीने पाणी मोजावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर पाणी. मात्र एका रात्रीत पडलेले ६५ मिलिमीटर मुरमाड उतारावरून बहुतांश वाहून जातात आणि तेवढाच पाऊस चार-पाच दिवसांत झिमझिम पडला तर जमिनीत मुरतो, तेव्हा बेरजेसोबत दिवसही लिहावेत. ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात ओल पाहूनच करावी. भारी काळ्या जमिनीत फुले वसुधा घ्यावी, मध्यम जमिनीत मालदांडी किंवा फुले सुचित्रा आणि हलक्या जमिनीत फुले अनुराधा किंवा फुले माऊली.

सर्वांत दुर्लक्षित नोंद विहिरीची. ‘दोन परस पाणी आहे’ हे उत्तर गप्पांना पुरते, बागेला पुरत नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी चार वेळा मोजते. आपणही त्याच महिन्यांत मोजावी. दोरीला दर अर्ध्या मीटरवर गाठ मारून टोकाला वजन बांधावे आणि रात्रभर मोटार बंद ठेवून पहाटे कठड्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर घ्यावे. (आमच्या विहिरीवर वडिलांच्या हातच्या चुन्याच्या रेघा अजून आहेत, साल लिहायचे तेवढे राहून गेले.) त्यानंतर विहीर उपसून तासाभरात पाणी किती चढते ते पाहावे. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत ते दहा सेंटिमीटर चढले, तर आवक तासाला सुमारे २,८०० लिटर झाली.

आता बागेकडे वळू. साडेचार बाय तीन मीटरवर एकरी सुमारे ३०० डाळिंबाची झाडे बसतात. भर उन्हाळ्यात झाडाला दिवसाला ४५ लिटर धरले, तर रोज १३,५०० लिटर लागतील, म्हणजे आजच्या आवकेने जवळजवळ पाच तासांचे पाणी. पण आजची आवक मार्चला राहत नाही. काळ्या पाषाणाच्या भेगांत आणि वरच्या मुरमात साठलेले पाणी उतरत जाते, तशी आवक आटते. गेल्या मार्चची नोंद असेल, तर तीच धरावी. नसेल, तर आजच्या आवकेच्या निम्म्याहून कमीच धरून बहाराखालची झाडे ठरवावीत. नवीन बोअर घेऊन ही तूट निघेल, या भरवशावर बहार धरू नये. शेजारचे बोअर आटवून आपले चालते, असेही घडते.

नदीकाठच्या शेतकऱ्यांनी हस्त सरेपर्यंत मोटारी आणि स्टार्टर वरच्या टप्प्यावरच ठेवावेत. पंढरपूरच्या वरच्या बाजूस नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, म्हणून तेथे उजनीच्या विसर्गासोबत नीरेवरील वीर धरणाचा विसर्गही मिळवून पाहावा लागतो. सीनेचे पाणी तर वरच्या अहिल्यानगर आणि धाराशिव भागातूनही येते. २०२५ च्या सप्टेंबरात माढा आणि मोहोळ तालुक्यांत ते उभ्या पिकांत शिरले होते. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर दारे टाकण्याचा दिवस मात्र पाऊस ओसरल्याची खात्री होताच गावाने मिळून ठरवावा, कारण त्यानंतर वाहणारे पाणी काठच्या विहिरींना मिळत नाही.