नवीन घरात वॉक-इन वॉर्डरोब आणि बेडरूम: भिंती उठायच्या आधी काय ठरवायचं

नवीन घराचा प्लॅन हातात आला की सगळे आधी किचन बघतात, मग हॉल, आणि बेडरूमचं "सुतार आला की बघू" असं होऊन जातं. वॉक-इन वॉर्डरोब, म्हणजे आत चालत जाता येईल अशी कपाटांची छोटी खोली, हवा असेल तर हे चालत नाही, कारण सुतार येईपर्यंत भिंती, दारं, खिडक्या आणि वायरिंगचे पाइप सगळं पक्कं झालेलं असतं, मग तो बिचारा उरलेल्या कोपऱ्यात कपाट बसवून देतो. म्हणून हे काम आर्किटेक्टकडून प्लॅन फायनल व्हायच्या आधीच करायचं.

आधी जागेचा हिशोब करा

हँगरला लावलेल्या कपड्याला साधारण २२ ते २४ इंच खोली लागते, म्हणजे कपाट २ फूट खोल. समोर उभं राहून कपडे काढायला, वाकून ड्रॉवर उघडायला ३ फूट तरी पाहिजेत. आता समजा तुम्हाला १२ फूट लांबीचं कपाट लागणार आहे. भिंतीला सरळ लावलं तर २४ चौरस फूट जातात आणि समोरची जागा बेडरूमचीच वापरली जाते. एका बाजूचा वॉक-इन केला तर ५ बाय १२, म्हणजे ६० चौरस फूट गेले आणि कपडे मात्र तेवढेच मावले! दोन्ही बाजूंना ६-६ फुटांची कपाटं आणि मध्ये वाट ठेवली तर ७ बाय ६, म्हणजे ४२ चौरस फूट. फरक बघा केवढा आहे तो.

माझं स्पष्ट मत आहे की एका बाजूचा वॉक-इन तेव्हाच करा जेव्हा ती मधली वाट दुसऱ्याही कामाला येते. सगळ्यात चांगली जागा म्हणजे बेडरूममधून अटॅच्ड बाथरूमकडे जाणारा पॅसेज, ती वाट तशीही सोडावीच लागते, तिथेच कपाटं घ्या, आंघोळ करून आलं की तिथेच तयार होता येतं आणि एक जण झोपलेला असताना दुसऱ्याला लाइट लावून त्याची झोपमोड करावी लागत नाही. हे जमत नसेल आणि खोली १० बाय १२ ची असेल तर वॉक-इनचा नाद सोडा, एका भिंतीला छताला टेकणारं कपाट घ्या, खरंच त्यात काही कमीपणा नाही.

फ्लॅट असेल तर ब्रोशरमधल्या मापांवर जाऊ नका. रेरा कायद्याने (घरखरेदीचा कायदा) ठरवलेल्या कार्पेट एरियात, म्हणजे घराच्या आतल्या क्षेत्रफळात, आतल्या पार्टिशनच्या भिंतींची जागासुद्धा धरलेली असते, त्यामुळे प्लास्टर झाल्यावर स्वतः टेप घेऊन माप घ्या, बीम कुठे खाली आलाय आणि कॉलम कुठे बाहेर आलाय तेही लिहून ठेवा. आणि कॉलम-बीमला हात लावायचा नाही, विषय संपला.

मग बेड, आणि बेडनंतरच बाकी सगळं

किंग साइज गादी ६ बाय साडेसहा फूट, क्वीन ५ बाय साडेसहा. हेडबोर्ड धरून लांबी ७ फूट पकडा. दोन्ही बाजूंना निदान अडीच फूट सोडा, नाहीतर भिंतीकडच्या माणसाला रात्री उठायचं म्हणजे दुसऱ्याला ओलांडून जावं लागतं आणि चादर बदलणं हा रोजचा वैताग होतो. म्हणजे किंग बेडची भिंत ११ फूट तरी हवी. डोकं कुठल्या दिशेला हे बऱ्याच घरात आईवडील ठरवतात, तर ते आत्ताच विचारून घ्या, स्विचबोर्ड बसल्यावर नको. एसीचा झोत थेट डोक्यावर येणार नाही हेही बघा. विदर्भात वगैरे घर असेल तर पश्चिमेची मोठी खिडकी बेडरूमला टाळलेली बरी, त्यापेक्षा त्या बाजूला वॉर्डरोबची भिंत घ्या, दुपारचं ऊन तिथे अडतं.

कागदावर सगळं बसलं की साइटवर जा आणि रांगोळीने किंवा खडूने जमिनीवर बेड, कपाटं, दारं खऱ्या मापात आखा. दार उघडल्यावर कुठपर्यंत येतं त्याची कमानही काढा. घरातल्या सगळ्यांना त्यातून चालायला लावा. कागदावर न दिसणाऱ्या अडचणी इथे दिसतात.

ओल

मुंबई-कोकणात घर असेल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून पश्चिम आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती जास्त भिजतात, त्यामुळे तिकडे घर असेल तर त्या भिंतींना कपाट टेकवू नका. बाथरूमच्या शॉवरच्या, पाइपच्या भिंतीलाही नको. दुसरा इलाजच नसेल तर मागे दीडदोन इंच हवा खेळायला सोडा आणि प्लाय आयएस ७१० मार्कचाच, म्हणजे ओल सोसणारा मरीन प्लाय, घ्या. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की पाणी भरून २-३ दिवस ठेवायला सांगा आणि पलीकडची भिंत बघा, त्यानंतरच सुतारकाम. वॉक-इनला छोटी खिडकी किंवा एक्झॉस्ट पाहिजेच, बंद खोलीत पावसाळ्यात चामड्याच्या चपला-पट्ट्यांवर बुरशी येतेच येते.

आतली मांडणी

इथे कॅटलॉग बंद करा आणि तुमचं सध्याचं कपाट उघडा. शर्ट, कुर्ते, पँट हँगरला लावले तर ४० इंच उंची पुरते, म्हणजे खाली-वर दोन रॉड बसतात. शेरवानी, अनारकली, लांब ड्रेसला ६० ते ६५ इंच लागतात, पण असे कपडे थोडेच असतात, त्यांना दीडदोन फूट रुंदीचा एक कप्पा पुरे. घडीच्या साड्यांना १० ते १२ इंच उंचीचे कप्पे करा, जास्त उंच केले की थप्पी वाढते आणि खालची साडी ओढली की सगळ्या कोसळतात. पैठणी आणि जरीच्या साड्यांना वेगळा बंद कप्पा, सुती कापडात गुंडाळून, डांबरगोळी जरीला लागता कामा नये आणि अधूनमधून घडी बदलायची. गाद्या, रजया, प्रवासाच्या बॅगा वर माळ्यावर.

एक गोष्ट लोक विसरतात, एकदा घातलेले पण अजून धुवायला न टाकलेले कपडे. त्यांना जागा दिली नाही तर ते खुर्चीवर, दारामागे लटकतात. दाराजवळ चारपाच हुक आणि खाली धुण्याची टोपली, बास.

उघडी कपाटं फोटोत छान दिसतात पण आपल्याकडे धूळ इतकी की निदान साड्या आणि पांढऱ्या कपड्यांना शटर हवंच. सरकतं शटर घेणार असाल तर कपाटाची खोली ३-४ इंच वाढवून धरा.

लाइट आणि स्विच

आरशाच्या मागे नाही, तुमच्या चेहऱ्यावर पडेल असा लाइट पाहिजे, शक्यतो ४००० केल्विनचा (ना पिवळा, ना निळसर पांढरा), पिवळ्या लाइटमध्ये काळा आणि नेव्ही ब्लू ओळखता येत नाही. बेडरूमच्या मेन लाइटला टू-वे स्विच, एक दाराशी एक उशाशी. बेडच्या दोन्ही बाजूंना चार्जिंग पॉइंट, वॉक-इनमध्ये इस्त्रीसाठी १६ अँपिअरचा एक. भिंतीतले पाइप टाकून झाले की प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवा, सुतार ड्रिल घेऊन येईल तेव्हा पहिल्यांदा त्याला ते दाखवायचे.