साध्या मजकुरात कोड देताना मोकळ्या जागेच्या या चुका टाळा

नागपुरात धरमपेठेत मी पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचा सराववर्ग घेतो आणि टिपणे ईमॅक्स या एडिटरच्या ऑर्ग-मोडमध्ये (टिपणे व कोड एकत्र लिहिण्याच्या सोयीत) लिहून, साध्या मजकुरात एक्स्पोर्ट करून मुलांना देतो. माझ्याकडे बिनचूक चालणारा कोड एकदा निम्म्या मुलांकडे चालेना, आणि कारण सापडेपर्यंत तास संपून गेला.

ऑर्गचा हा एक्स्पोर्ट कोडभोवती चौकट काढतो व प्रत्येक ओळीच्या आरंभी एक उभी रेघ आणि तिच्यापुढे एक स्पेस ठेवतो. कोड उचलताना मुलांनी रेघा पुसल्या, पण स्पेस काही ओळींत राहिली, काहींत गेली, आणि ओळीच्या आरंभीच्या जागेवरूनच रचना ओळखणाऱ्या पायथॉनने इंडेंटेशनची, म्हणजे त्या जागेची, चूक दाखवली. चौकटीतून कोड उचलायला लावणे ही देणाऱ्याचीच चूक आहे, असे माझे ठाम मत आहे. ऑर्गमधील टँगलची (टिपणातला कोड वेगळा काढण्याची) सोय वापरून कोडची स्वतंत्र फाइल द्यावी.

टॅब आणि स्पेस यांची सरमिसळही अशीच त्रास देते. टॅबची रुंदी प्रत्येक एडिटर आपापल्या परीने ठरवतो, कुठे ४ तर कुठे ८, त्यामुळे ओळी डोळ्यांना सरळ दिसत असूनही पायथॉन ३ टॅबएरर ही चूक दाखवून थांबतो. मात्र सगळे टॅब सरसकट स्पेसमध्ये बदलू नयेत, कारण मेकफाइलमध्ये (प्रोग्रॅम तयार करण्याच्या सूचनांच्या फाइलमध्ये) आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. मूळ इंडेंटेशन जसेच्या तसे राखण्याची सेटिंग ऑर्गमध्ये आहे. ती सुरू ठेवावी आणि दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्येच करावी.

शेल स्क्रिप्टमध्ये (संगणकाला द्यायच्या आज्ञांच्या फाइलमध्ये) ओळ पुढे चालू ठेवणाऱ्या उलट्या तिरक्या रेघेनंतर एकही स्पेस उरू देऊ नये.

वेबपानावरून चिकटवलेल्या कोडमध्ये कधी नॉन-ब्रेकिंग स्पेस (त्या जागी ओळ तुटू न देणारी स्पेस) शिरते. ती साध्या स्पेससारखीच दिसते, पण पायथॉनला चालत नाही. ती काढताना ‘सर्व अदृश्य अक्षरे पुसा’ अशी आज्ञा देण्याचा मोह होतो, आणि मराठी टिपणांचे खरे नुकसान तिथेच होते. ‘दुसर्‍या’ हा शब्द अनेक फाइलींत र, हलंत आणि झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) यांनी लिहिलेला असतो. तो जॉइनर पुसला की त्याचे ‘दुसर्या’ होते. म्हणून आधी ईमॅक्सचा व्हाइटस्पेस-मोड सुरू करून टॅब, स्पेस व ओळीच्या टोकाला उरलेल्या जागा प्रत्यक्ष पाहाव्यात, आणि शोधून बदलण्याची आज्ञा केवळ कोडच्या ओळी निवडून, त्यातही त्या एकाच अक्षरापुरती द्यावी.