पिंपल्स आणि भाज्या: ताटातल्या या चुका टाळा

चेहऱ्यावर पुळी उठली की आपल्याकडे पहिला आळ येतो वांग्यावर. 'वांगं उष्ण असतं, बंद कर ते.' त्यानंतर टमाटर जातं, मग मेथी जाते, आणि पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या ताटात शेवटी आलू आणि भात एवढंच उरतं. काही घरांत याच्या उलट चालतं. पालक, बीट, गाजर मिक्सरमधून काढून रोज सकाळी उपाशीपोटी पाजतात आणि पिंपल्स जायची वाट बघतात. दोन्हीकडची काळजी खरी आहे. पण भाजीला गुन्हेगार ठरवणं जितकं चूक, तितकंच तिच्यावर औषधाचं काम सोपवणंही चूक.

काल खाल्लं, आज उठलं

त्वचेत केसांच्या मुळाशी तेलग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकं वाढतात, तेल जास्त पाझरतं, मृत पेशी साचून छिद्राचं तोंड बुजतं. आत नेहमीच राहणारे जिवाणू तिथे वाढतात आणि सूज येते. छिद्र बुजायला लागल्यापासून पुळी डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. त्यामुळे रात्रीच्या भरिताचा सकाळच्या पुळीशी संबंध जोडता येत नाही.

वांगं खाल्ल्यावर काही जणांना खरोखर त्रास होतो, हे मान्य. तोंडाला खाज सुटते, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. पण ती अ‍ॅलर्जी आहे, ती खाल्ल्यावर थोड्याच वेळात दिसते, आणि तिच्यासाठी वांगं बंद करणं योग्यच. पिंपल्सचा प्रकार वेगळा आहे. घरात कुणालाही खाज सुटत नसेल तर हिवाळ्यातलं भरीत सुखानं खा.

आलूला भाजी म्हणून मोजणं

सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक हीच. सकाळी पोहे, शाळेच्या डब्यात आलूची भाजी, संध्याकाळी आलूबोंडा, रात्री पुन्हा आलू-वाटाणा आणि भात. आई म्हणते, 'भाज्या तर रोज खातो तो.' पण उकडलेला आलू रक्तातली साखर झपाट्यानं वाढवतो आणि पोहे, पांढरा भात, पावही त्याच वाटेनं जातात. साखर झपाट्यानं वाढली की इन्सुलिन वाढतं. त्याच्यासोबत आयजीएफ-1 नावाच्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि दोन्ही मिळून तेलग्रंथींना कामाला लावतात. आहार आणि पिंपल्स यांच्या नात्यात सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो या साखळीचा.

ऑस्ट्रेलियात 15 ते 25 वयाच्या 43 तरुणांवर 12 आठवडे एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. साखर हळू वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे पिंपल्स दुसऱ्या गटापेक्षा जास्त कमी झाले. त्यांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय एकट्या आहाराला देता येत नाही. आणि पिंपल्स कमी झाले, नाहीसे झाले नाहीत. आहाराकडून आशा ठेवायची ती एवढीच, पण ती ठेवण्यासारखी आहे.

आलू सोडायची गरज नाही, त्याची जागा बदला. आलू-मेथीत मेथी दुप्पट घ्या, आलू निम्मा. भातावर घट्ट वरण आणि शेजारी पालेभाजी असली की तोच भात साखर सावकाश वाढवतो. तर्री-पोह्यात लोक तर्रीला, म्हणजे पोह्यांवरच्या चण्याच्या तिखट रश्श्याला दोष देतात, पण तिखटामुळे पिंपल्स होतात याला भक्कम पुरावा नाही. उलट तर्रीतले चणे हाच त्या प्लेटमधला कामाचा भाग! पोहे थोडे कमी, चणे जास्त, वरून कच्चा कांदा आणि सांबार म्हणजे कोथिंबीर घ्या. आणि सोबतच्या चहातली साखर मोजा, ती कुणीच मोजत नाही.

भाजी महाग पडते ही अडचण खरी आहे. पण त्यासाठी ब्रोकोली आणि झुकिनी लागत नाही. नागपुरात कॉटन मार्केटला किंवा बुधवार बाजारात ज्या मोसमात जे ढिगानं येतं ते घ्या: थंडीत मेथी, पालक, वाटाणा, उन्हाळ्यात काकडी आणि मिळाली तर चिवळ ही पालेभाजी, पावसाळ्यात अंबाडी. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगते, आणि आलू त्यात धरत नाही.

रस काढून पिणं

रस गाळला की चोथा जातो, आणि साखर सावकाश वाढू देणारा तंतू त्या चोथ्यातच असतो. गाजर-बिटाच्या रसात वरून साखर किंवा मध घातला तर उरलासुरला फायदाही जातो. रोज मोठा पेला पालकाचा रस प्यायला तर मूतखडा व्हायला मदत करणारं ऑक्सलेट भरपूर पोटात जातं. मूतखड्याची तक्रार असलेल्यांनी त्यापासून दूरच राहावं. घरातले आजी-आजोबा वॉरफॅरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील तर त्यांनाही 'तब्येतीला चांगला' म्हणून तो पेला देऊ नका, कारण पालकातलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं.

दुधीबद्दल मात्र कळकळीनं सांगते. कडू दुधीचा रस विषारी असतो. त्यानं उलट्या, रक्तस्राव होऊन माणसं दगावलेली आहेत. दुधीचा तुकडा आधी चाखा, कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू आहे म्हणून औषधी आहे, असं समजून कुणीही तो पिऊ नये.

गाजर चांगलं, मग व्हिटॅमिन एची गोळी आणखी चांगली

पिंपल्सवरची काही औषधं व्हिटॅमिन एच्या कुळातली आहेत, हे ऐकून काही जण दुकानातून व्हिटॅमिन एच्या कॅप्सूल आणतात. हे धोक्याचं आहे. गाजर, कोहळं (लाल भोपळा), पालक यांतल्या कॅरोटीनपासून शरीर गरजेपुरतंच व्हिटॅमिन ए बनवतं. फार खाल्लं तर फार तर तळहात पिवळसर दिसतात, डोळे पांढरेच राहतात आणि खाणं कमी केलं की रंग उतरतो. गोळीतलं व्हिटॅमिन ए मात्र यकृतात साठत जातं आणि गर्भारपणात बाळाला इजा करू शकतं. गाजर भाजीत खा, थोड्या तेलाच्या फोडणीसह, कारण तेलाशिवाय कॅरोटीन नीट शोषलं जात नाही. जास्त मात्रेच्या बी-12 गोळ्यांनी आणि जिममधल्या व्हे प्रोटीननंही काहींना पिंपल्स उठतात, तेव्हा भाजी बंद करण्याआधी तो डबा बघा.

खायचं ते चेहऱ्यावर लावणं

लिंबू चोळून नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात बाहेर पडलात तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे चट्टे पडू शकतात, आणि ते महिनोन्‌महिने राहतात. सुजलेल्या पुळीवर टमाटर किंवा कच्च्या आलूचा रस लावल्यानंही आगच होते. स्कूटीवर निघताना चेहऱ्याला दुपट्टा बांधणं इथे गरजेचंच आहे, पण घामानं भिजलेला तोच दुपट्टा दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधू नका. आणि कपाळावर, छातीवर एकसारखे बारीक, खाजणारे पुरळ असतील तर ते पिंपल्स नसून बुरशीचे किंवा घामोळ्याचे असू शकतात. तिथे ताट बदलून काही होणार नाही.

मग नेमकं काय तपासायचं?

एकाच पदार्थावर संशय घ्या, तो एकटाच 8 ते 12 आठवडे कमी करा, बाकी काही बदलू नका. दर आठवड्याला त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात फोटो काढा. मुलींनी पाळीच्या तारखा शेजारी लिहाव्यात, कारण पाळीआधी पुळ्या वाढणं नेहमीचं आहे. फरक दिसला नाही तर तो पदार्थ मुकाट्यानं ताटात परत येऊ द्या.

खोल, दुखणाऱ्या गाठी होत असतील, खड्डे पडू लागले असतील, किंवा पाळी अनियमित होऊन हनुवटीवर राठ केस येत असतील तर प्रयोगात महिने घालवू नका. नागपुरात मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी आहे. दुकानदारानं दिलेली गोरं करणारी क्रीम लावत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण अशा ट्यूबमध्ये बरेचदा स्टिरॉइड असतं आणि त्यानंच पिंपल्स उठतात. जाताना ट्यूब, पावडरचा डबा आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन जा.