डिलीट न होणारी फाइल: आधी अडथळा कुठे आहे ते शोधा

फाइल उघडत नाही आणि डिलीटही होत नाही, म्हणजे ती करप्ट झाली असे आपण धरून चालतो. पण फाइल पुसताना विंडोज तिच्यातला मजकूर वाचत नाही, ड्राइव्हवरची तिची नोंद काढते. त्यामुळे आतला डेटा बिघडला म्हणून फाइल अडत नाही. कारण बहुधा वेगळेच असते आणि ते एरर मेसेजमध्ये लिहिलेले असते. तो वाचल्याशिवाय ‘ओके’ दाबू नका.

फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असल्याचा मेसेज सर्वांत जास्त दिसतो. अर्धवट डाउनलोड झालेला व्हिडिओ असेल तर खुद्द फाइल एक्सप्लोररच थंबनेल बनवायच्या नादात तो धरून बसलेला असू शकतो. प्रिव्ह्यू पेन (फाइलची झलक दाखवणारा बाजूचा भाग) बंद करा, टास्क मॅनेजरमध्ये ‘विंडोज एक्सप्लोरर’वर राइट क्लिक करून ‘रीस्टार्ट’ निवडा. तरी सुटली नाही तर रिसोर्स मॉनिटर (कोणता प्रोग्रॅम काय वापरतोय ते दाखवणारे विंडोजमधलेच टूल) उघडून सीपीयू टॅबमधल्या ‘असोसिएटेड हँडल्स’मध्ये फाइलचे नाव शोधा. फाइल कोणी धरली आहे ते तिथे कळते. तो आपलाच एखादा प्रोग्रॅम असेल तर बंद करा. नाव अनोळखी असेल तर त्याला हात न लावता कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये, म्हणजे फक्त अत्यावश्यक गोष्टींसह, सुरू करा आणि तिथून फाइल पुसा.

परवानगी नाकारली जात असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून लॉगिन करून पाहा. फाइल विंडोजच्या फोल्डरमधली असेल तर मात्र नाद सोडा. ती अडवलेली आहे ते योग्यच आहे.

कधी घोळ नावात असतो. पूर्ण पाथ (ड्राइव्ह, फोल्डर आणि फाइलचे नाव मिळून होणारा पत्ता) साधारण 260 अक्षरांपुढे गेला किंवा नावाच्या शेवटी टिंब वा स्पेस राहिली की एक्सप्लोरर गोंधळतो. वरच्या फोल्डरांची नावे छोटी करा. टिंब-स्पेसवाली फाइल सेव्हन-झिप या मोफत झिप प्रोग्रॅमच्या फाइल मॅनेजरमधून सहसा निघते.

फाइल किंवा फोल्डर ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ असल्याचा मेसेज आला, तरच प्रकरण खरोखर करप्शनचे. इथे ड्राइव्हवरची नोंदच बिघडलेली असते. दुरुस्तीत डेटा जाऊ शकतो, म्हणून आधी महत्त्वाच्या फाइल्स दुसरीकडे कॉपी करा. मग ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’ टॅबवर जाऊन ‘चेक’ दाबा. सी ड्राइव्हसाठी कॉम्प्युटर रीस्टार्ट करावा लागू शकतो. पेनड्राइव्ह असेल तर मी दुरुस्तीत वेळ घालवत नाही, कॉपी करून सरळ फॉरमॅट मारतो. तपासणीनंतर काही दिवसांत पुन्हा त्याच चुका निघाल्या, तर डिस्कच बदलायला झाली आहे असे समजा.