पाणथरी काढलेल्या माणसाला ताप आला तर

माझी प्लीहा 2016 साली काढली. मोटरसायकलसमोर रानडुक्कर आलं, हँडल डाव्या बरगडीखाली बसलं आणि पोटात रक्त साचायला लागलं. आजी प्लीहेला पाणथरी म्हणायची. मी चंद्रपूरकडे एसटीत वाहक आहे. ताप आला की पॅरासिटामॉल घ्यायची आणि सकाळी ड्यूटीवर, हीच आमची रीत. ती मला सोडावी लागली.

न्यूमोकोकससारख्या काही जंतूंना वरून जाड वेष्टन असतं. असे जंतू रक्तातून गाळून काढण्यात प्लीहेचा मोठा वाटा. ती नसली की सुरुवात साध्या फ्लूसारखीच होते, थंडी, अंगदुखी, उलटी, पण दिवस-दोन दिवसांत माणूस हातचा जाऊ शकतो. पहिली दोन-तीन वर्षं धोका जास्त, पण तो जन्मभर राहतो.

म्हणून थर्मामीटर 100.4 च्या वर गेला, किंवा ताप नसतानाही हुडहुडी भरली, तर सकाळची वाट पाहायची नाही. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस घ्यायचा आणि लगेच निघायचं. गोळी घेतली म्हणून जाणं टाळायचं नाही. ती फक्त रस्त्यातला वेळ सांभाळते. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर वेगळी गोळी लिहून घ्या.

दवाखान्यात पहिलं वाक्य काय बोलायचं, हे पाठ असू द्या. एकदा रात्री दोनला मी कॅज्युअल्टीत जाऊन "ताप आहे" एवढंच म्हणालो. तिथला पोरगा मान वर न करता म्हणाला, "व्हायरल सुरू आहे काका, बसा." पाऊण तास बसलो. मग बायकोनं ओळखपत्राच्या कव्हरमधला कागद काढून टेबलावर ठेवला: "प्लीहा काढलेली आहे. ताप म्हणजे इमर्जन्सी. ब्लड कल्चर घेऊन लगेच शिरेतून अँटिबायोटिक द्यावं." पोरगा उठलाच. दहा मिनिटांत सलाइन लागलं. तो कागद इंग्रजीतही करून घ्या, खाली सर्जनची सही आणि लसींच्या तारखा.

लसी म्हणजे न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल, हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या जंतूवरची) आणि दरवर्षी फ्लूची. ऑपरेशन ठरवून असेल तर किमान दोन आठवडे आधी. माझ्यासारखं अचानक झालं तर दोन आठवड्यांनंतर. मेनिंगोकोकलचा बूस्टर दर पाच वर्षांनी. मोठ्या माणसाला यातल्या बऱ्याच लसी खिशातूनच घ्याव्या लागतात आणि त्या स्वस्त नाहीत. मी दिवाळीच्या बोनसमधून घेतल्या. एक मात्र आहे, लस सगळ्या जंतूंना पुरत नाही. तापाचा नियम तोच.

कुत्रं चावलं की लोक रेबीजची सुई घेऊन घरी येतात. आपलं तेवढ्यावर भागत नाही. कुत्र्या-मांजराच्या लाळेतला एक जंतू आपल्याला फार जड जातो, म्हणून अँटिबायोटिकही मागायचं. जखमेवर कुत्र्यानं नुसतं चाटलं तरी डॉक्टरांना दाखवा. गडचिरोलीकडे मुक्कामी गाडी असली की मी मच्छरदाणी नेतो. मलेरियाही आपल्याला जोरात धरतो. तिकडचा ताप असेल तर त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करायला सांगायचं.

आमच्या विदर्भात सिकलसेलचे, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचे पेशंट पुष्कळ. त्यांचं ऑपरेशन झालेलं नसतं, त्यामुळे हे सगळं आपल्याला लागू आहे असं घरच्यांना वाटतच नाही. पण सिकलसेलमध्ये प्लीहा बहुतेक वेळा लहानपणीच आतल्या आत निकामी होते. त्या लेकरांना रोज पेनिसिलिन देतात. ते बंद करायचं ते डॉक्टरांनीच, दुकानात संपलं म्हणून आपण नाही.

गोळ्यांचं पाकीट मी आधी तिकिटाच्या बॅगेतच ठेवायचो. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात गोळ्या पार चिकटून गेल्या. आता एक पाकीट घरी कपाटात आणि एक जेवणाच्या डब्याच्या पिशवीत असतं. दर पगाराला बायको दोन्हींवरची एक्स्पायरी बघते.