दिवाळीत सापडलेला कुत्रा: मालक मिळेपर्यंतची तयारी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांनी बिथरून पळालेले कुत्रे पुढे कित्येक दिवस सापडत राहतात, कोणी पुलाखाली, कोणी पार्किंगमधल्या गाडीखाली. असा एखादा तुमच्या दारी आला आणि त्याला काही दिवस ठेवून घ्यायचं ठरवलंत, तर कोणीतरी त्याला शोधतंय हे धरूनच सगळी तयारी करा.

आधी तो खरंच हरवलाय का ते बघा. कानाच्या टोकाला खाच असेल तर तो नसबंदी झालेला वस्तीतला कुत्रा असण्याची शक्यता मोठी. टपरीवाल्याला, वॉचमनला, रोज खाऊ घालणाऱ्यांना विचारा, नाहीतर त्याच्याच गल्लीतून त्याला उचलून न्याल. पाळीव कुत्रा ओळखू येतो. मानेभोवती पट्ट्याने केस दबून रेघ उमटलेली असते. डांबरावर हिंडणाऱ्याची नखं झिजतात, फरशीवर राहणाऱ्याची वाढतात. लिफ्टचं दार उघडल्यावर आपणहून आत शिरून दाराकडे तोंड करून उभा राहिला, तर तो बहुतेक इमारतीत वाढलाय. अंग मळलंय, फासळ्या दिसतायत म्हणून मालकाने टाकून दिला असं मात्र लगेच ठरवू नका. भेदरून उपाशी फिरणाऱ्या कुत्र्याची थोड्याच दिवसांत ही गत होते.

घरात एक खोली त्याच्यासाठी मोकळी करा. बाल्कनी नको, कारण तुळशीच्या लग्नापर्यंत फटाके वाजतच राहतात आणि घाबरलेला कुत्रा उंची बघत नाही. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, एका कोपऱ्यात जुनी चादर आणि पाण्याचं भांडं, एवढं पुरे. गळ्यातला साधा पट्टा मान मागे खेचून सहज निघतो, म्हणून छातीवरून जाणारा हार्नेसही आणा आणि बाहेर नेताना दोन्ही बांधा. घरात आधीचा कुत्रा असेल तर दोघांना निदान दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडीसुद्धा वेगळी. पार्व्हो या कुत्र्यांच्या जुलाब-उलट्यांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो आणि लस न झालेली पिल्लं त्यात दगावतात.

खायला मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्या, किंवा थोडा दहीभात. बरेच दिवस उपाशी असलेल्याला भरल्या ताटाने त्रास होतो, म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा. फराळाचे डबे उंचावर ठेवा. चिवड्यातले आणि करंजीतले मनुके कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. कांदा, लसूण आणि चॉकलेटही नको. ताप वाटला तर घरातली पॅरासिटॅमॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या आणि सगळ्यात आधी मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख-नंबराची बारीक चिप, आहे का ते तपासायला सांगा. मानेपासून खांद्यांपर्यंत सावकाश स्कॅनर फिरवावा लागतो, कारण चिप कधीकधी खाली सरकलेली असते. पंधरा अंकी नंबर मिळाला तर लिहून घ्या. त्यात मालकाचा फोन नसतो. नोंद जिथे झाली तिथून तो शोधावा लागतो. कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. हिरड्या फिकट असतील तर गोचिडतापासाठी रक्त तपासायला हवं. जंताचं औषध डॉक्टर सांगतील तसं द्या. नसबंदीची घाई मात्र करू नका, तो निर्णय मालकाचा. चावला किंवा ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा. कुत्रा दिसायला निरोगी असला तरी.

शोध पहिल्याच दिवशी सुरू करा. फोटो एक चेहऱ्याचा, एक पूर्ण अंगाचा, आंघोळ घालण्याआधीचा आणि नंतरचाही. पोस्टरवर जागा, तारीख आणि फोन मोठ्या अक्षरांत. पण एक खूण लपवून ठेवा: पोटावरचा डाग, वाकडी शेपटी, काहीही. जातिवंत कुत्रा असेल तर खोटे मालकही फोन करतात आणि ही खूण त्यांना सांगता येत नाही. पोस्टर मेडिकलच्या दुकानांत, प्राण्यांच्या दवाखान्यांत आणि रिक्षा स्टँडवर लावा. पहाटे फिरणाऱ्या दूधवाल्यांना आणि पेपरवाल्यांना फोटो पाठवा, सोसायट्यांच्या ग्रुपवर टाका. पोलीस ठाण्यात आणि महापालिकेच्या पशुवैद्यकीय विभागातही कळवा. फटाक्यांनी पळालेला कुत्रा लांबवर जातो, तेव्हा शेजारच्या दोन-चार पेठा किंवा उपनगरंही धरा.

मालक म्हणून कोणी आलं तर लसीची पुस्तिका, जुने फोटो आणि लपवलेली खूण विचारा. खरा मालक या प्रश्नांवर चिडत नाही. कुत्रा शेपटी हलवतोय एवढ्यावर देऊ नका, प्रेमळ कुत्रा कोणालाही हलवतो. देताना ओळखपत्राचा फोटो घ्या, दिलेल्या औषधांचा कागद सोबत द्या आणि त्याच संध्याकाळी पोस्टर उतरवा.