पायाला प्लास्टर, अंगात वारं

चिंचा पाडायला चढलेलं आमचं सात वर्षांचं लेकरू फांदीसकट खाली आलं. नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर अन् दीड महिना पाय टेकायचा नाही! चार दिवस मोबाइल दिला. हिसकावला की आकांत.

मग सासूबाईंनी बाज लिंबाखाली टाकली, पायाखाली उशी. निम्मं औषध तेच. येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जायचा. ज्वारीची काढणी चालूच होती, धाटं आणली. साल मी सोलायचे (ती ब्लेडसारखी कापते), आतल्या पांढऱ्या गाभ्याची चाकं, सालीच्या काड्या टोचून बैलगाडी. पहिली गाडी फेंगडी झाली. आठव्या गाडीला जू होतं, शिवळासुद्धा (जुवाच्या खुंट्या) होत्या!

दुपारी चिंचोके. फरशीवर घासून अर्धे केले की अष्टा-चंग्याला फासे तयार. आजी लबाडी करते म्हणून रोज भांडण, पण तास-दीड तास सहज जायचा.

खाजेनं मात्र पिडलं. एकदा त्यानं धाटाची काडीच प्लास्टरात खुपसली. डॉक्टर माझ्यावरच ओरडले: आत जखम झाली तर कळणारही नाही. तेव्हापासून वरून टिचक्या मारायच्या अन् पंखा पायाकडे.

प्लास्टर निघालं तेव्हा बाजेखाली तेवीस गाड्या होत्या. शेळीनं दोन खाल्ल्या, त्याचं दुःख अजून चालू आहे.